नावे झाकली, तर हिशेब कोणाचा मागायचा?

माहितीच्या अधिकाराविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांना एकच निमित्त आहे. नोव्हेंबर २०२५ पासून कायद्यातील एक अपवाद बदलला आहे आणि कार्यालयांतून येणारी नकाराची उत्तरे त्याबरोबर वाढू लागल्याचे वाचक कळवत आहेत. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले आहे, बाकीची जागेप्रमाणे.

प्रश्न : आमच्या गावात गेल्या तीन वर्षांत घरकुल योजनेचे हप्ते कोणाकोणाला मिळाले, त्यांची नावे आणि प्रत्येकाला दिलेली रक्कम मी माहिती अधिकारात मागितली होती. "सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने नवीन तरतुदीनुसार देता येत नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. पूर्वी हीच यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागत असे. आता मी काय करावे? (एक वाचक भगिनी, जत तालुका, जि. सांगली)

उत्तर : आपण प्रथम अपील करावे, आणि ते उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत करावे. मात्र अपील लिहिण्यापूर्वी कायद्यात काय बदलले आणि काय तसेच आहे हे नीट पाहून घ्यावे, कारण आपल्याला दिलेले उत्तर अर्धाच कायदा वाचून दिलेले आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीचा अपवाद पहिल्यापासून होता. कार्यालयांत त्याला 'आठ एक जे' म्हणतात. पण तो अपवाद मोजूनमापून घातलेला होता. ज्या माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा सार्वजनिक हिताशी काहीही संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, तेवढीच माहिती नाकारता येत असे, आणि व्यापक लोकहित दिसत असेल तर तीसुद्धा द्यावी लागे. त्याखाली एक परंतुक, म्हणजे अपवादाला मर्यादा घालणारी पुरवणी अट, होते : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आपल्या कायद्यांच्या पुस्तकांत इतके उमदे वाक्य क्वचितच सापडेल. जत तालुक्यातील बाई आणि विधानसभेतील आमदार यांना त्या एका ओळीने एकाच बाकावर बसवले होते.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ च्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या, कलम ४४(३) ने हा सगळा मजकूर काढून टाकला आणि तेथे 'वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती' एवढेच शब्द ठेवले. अट गेली, तुलना गेली, परंतुकही गेले. नाव ही वैयक्तिक माहितीच असते, आणि सरकारी कागद नावांनीच भरलेले असतात. लाभार्थी, ठेकेदार, मजूर, मंजुरी देणारा अधिकारी, धनादेशावर सही करणारा, या सर्वांना नावे आहेत. म्हणूनच हा बदल मला अतिशय चिंताजनक वाटतो.

आता जे बदललेले नाही त्याकडे वळू. कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे या कायद्याखाली येणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने किंवा संस्थेने, सतरा बाबी कोणी न मागताच प्रसिद्ध करायच्या आहेत. त्यांतील बारावी बाब अर्थसाहाय्याच्या योजनांची आहे आणि तिच्यात वाटप केलेल्या रकमा व लाभार्थ्यांचा तपशील स्पष्ट शब्दांत आलेला आहे. तिला कोणीही हात लावलेला नाही. कलम ८(२) सुद्धा जागेवर आहे : माहिती उघड करण्यातील लोकहित हे संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर अपवादात बसणारी माहितीही प्राधिकरण देऊ शकते. कलम १० प्रमाणे बँक खात्याचा क्रमांक, आधार क्रमांक, दूरध्वनी एवढे झाकून बाकीचा कागद देता येतो. आणि अपील करणाऱ्यांना मी नेहमी आवर्जून दाखवतो ते कलम १९(५) असे सांगते की, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार माहिती अधिकाऱ्यावर असतो. आपण काही सिद्ध करायचे नसते.

तेव्हा जोडपत्र 'ब' भरून, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, अपिलात एवढेच लिहावे : मागितलेली यादी कलम ४ च्या बाराव्या बाबीनुसार स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, जे स्वतःहून प्रसिद्ध करायचे ते मागणाऱ्याला नाकारता येत नाही, खाते क्रमांक व आधार क्रमांक मला नको आहेत, ते कलम १० नुसार वगळावेत, आणि कलम ८(२) खालील लोकहिताचा विचार केला होता किंवा नाही, याचा आदेशात उल्लेख करावा. शेवटची ओळ गाळू नये. विचारच न करता दिलेला नकार पुढे माहिती आयोगासमोर टिकवणे कार्यालयाला जड जाते.

नावांचा आग्रह कशासाठी, हे एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात मारुतीच्या देवळासमोर आम्ही अशीच यादी मोठ्याने वाचत होतो. तिसऱ्या पानावर एका वृद्ध बाईंचे नाव आले, पुढे सर्व हप्त्यांची पूर्ण रक्कम आणि सहीच्या जागी अंगठा. त्या बाई समोरच बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "माझं घर? अरं बाबा, माझ्या पत्र्यावर अजून दगडं ठेवल्याली हायती." मग कोणीतरी नोंदवही त्यांच्यासमोर धरली. कागदावरचा ठसा निळ्या शाईत अगदी स्वच्छ उमटलेला होता, एकेक रेष मोजून घ्यावी असा. बाईंचा अंगठा पाहिला, तर जन्मभर खुरपे धरून त्यावर रेष अशी राहिलीच नव्हती. त्या दिवशी आमच्या हातात 'लाभार्थी क्रमांक १७' असा काळी पट्टी मारलेला कागद असता, तर त्या बाई उठल्या नसत्या, आणि आम्हालाही काही कळले नसते.

प्रश्न : हा कायदा सरकारने दिला असे पाठ्यपुस्तकात वाचले. नागरी समाजाने तो मिळवला असे आपण लिहिता. नेमके काय घडले? आणि लोकांनी मिळवला असेल, तर तो कापला जात असताना लोकांना थांबवता का आले नाही? (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, म्हणून पहिल्याला थोडक्यात उत्तर देतो.

कायद्याची मुळे राजस्थानातील दुष्काळी कामांच्या हजेरीपटात आहेत. मजुरांना ठरलेली किमान मजुरी मिळत नव्हती आणि हजेरीपट दाखवा म्हटले की ते गोपनीय असल्याचे सांगण्यात येई. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. मिळालेले कागद गावासमोर वाचले गेले आणि ज्यांची नावे त्यात होती, त्यांनाच ते खरे की खोटे असे विचारले गेले. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरच्या चांग गेटजवळ चाळीस दिवसांचे धरणे झाले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा याच चळवळीची. त्याच वर्षी माहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेने कायद्याचा मसुदा तयार केला. निवृत्त न्यायाधीश, पत्रकार, सनदी अधिकारी आणि हजेरीपटावर अंगठा उठवणारे मजूर अशी माणसे त्या मोहिमेत एकत्र होती. माझ्या मते तेच तिचे खरे बळ होते.

राज्यांनी केंद्राच्या आधी पावले टाकली. तमिळनाडू आणि गोव्याचे कायदे १९९७ चे आहेत. महाराष्ट्राने २००० मध्ये केलेला कायदा इतका कमकुवत होता की, तो बदलण्यासाठी अण्णा हजारे यांना आंदोलन करावे लागले. नवा कायदा २००२ चा. पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसल्यानंतर. केंद्राचे विधेयक डिसेंबर २००४ मध्ये मांडले गेले तेव्हा ते फक्त केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरते होते. मोहिमेने धरलेल्या आग्रहामुळे आणि संसदीय समितीच्या शिफारशीमुळे त्यात राज्ये आली, आणि म्हणून १२ ऑक्टोबर २००५ पासून आपल्या तलाठी कार्यालयापर्यंत हा कायदा पोहोचला. तेव्हा पाठ्यपुस्तकातले वाक्य खोटे नाही. कायदा संसदेनेच केला. मात्र तो कोणाच्या रेट्यामुळे झाला, हे त्या वाक्यातून गळले आहे.

आता दुसरा प्रश्न. कायदा लागू होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा जुलै २००६ मध्ये फायलींवरील टिपण्या कायद्याबाहेर काढण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. देशभर निदर्शने झाली, आळंदीला हजारे यांचे पुन्हा उपोषण झाले आणि तो प्रस्ताव मागे पडला. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवले. पक्षांना वगळण्यासाठी आणलेले विधेयक पुढे बारगळले, जरी पक्षांनी आदेश पाळला नाही ही वस्तुस्थिती उरतेच. २०१९ मध्ये मात्र माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेणारी दुरुस्ती विरोधाला न जुमानता मंजूर झाली, आणि २०२३ मध्ये 'ञ' हा खंड बदलणारे कलम मंजूर झाले.

या वेळी थांबवता न येण्याची कारणे मला दोन दिसतात. पहिले असे की, हा बदल माहिती अधिकाराच्या दुरुस्ती विधेयकातून आलाच नाही. तो दुसऱ्याच विषयावरील कायद्याच्या शेवटच्या कलमात, एका उपकलमात बसून आला, आणि तोही खासगीपणाच्या नावाने. खासगीपणाला विरोध कोण करील? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१२ मध्येच स्पष्ट सांगितले होते की, खासगीपणाच्या कायद्याने माहितीच्या अधिकाराचा संकोच होता कामा नये. रुग्णाचा आजार आणि ठेकेदाराचे देयक यांत फरक करणारी कसोटी जुन्या खंडात होती; ती होती म्हणूनच दोन्ही हक्क वीस वर्षे शेजारी शेजारी नांदले.

दुसरे कारण आपल्याकडे बोट दाखवणारे आहे. सुरुवातीला कागद गावात वाचला जात असे. पुढे तो अर्जदाराच्या कपाटात जाऊ लागला. एकेकट्याने अर्ज करायचा, एकेकट्याने अपील करायचे, मिळालेली माहिती वृत्तपत्राला द्यायची आणि पुढच्या अर्जाला लागायचे, अशी आपली रीत पडली. कायदा वापरणारे वाढले, पण कायद्यासाठी उभे राहणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय सचिवांच्या समितीने असे धोरण ठरवले आहे की, विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. त्या तीस दिवसांचा आग्रह धरणे, आलेला मसुदा मराठीत करून ग्रामसभांपर्यंत नेणे आणि आमदार-खासदारांकडून लेखी भूमिका मागणे हे काम संस्थांनी पुन्हा हाती घेतले पाहिजे. आजची मागणीही नेमकी आहे : कलम ४४(३) रद्द करून जुना 'ञ' खंड परंतुकासह परत आणावा.

प्रश्न : मी ग्रामसेवक आहे. आमच्याकडे एकच गृहस्थ वर्षाला शंभराच्या वर अर्ज करतात आणि मग ठेकेदारांना जाऊन भेटतात. कायद्याला आवर घालायला नको का? (नाव न देण्याची विनंती)

उत्तर : आपला त्रास खरा आहे आणि तो बोलून दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. माहिती दाखवून पैसे मागणे ही खंडणी आहे आणि त्यासाठी फौजदारी कायदा आहे. तक्रार जरूर करावी. पण असा मनुष्य जगतो कशावर, याचाही विचार व्हावा. कागद दडलेला असतो तोवरच त्याला किंमत असते. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि अंतिम देयक प्रत्येक कामापुरते फलकावर आणि संकेतस्थळावर लावले, तर ठेकेदाराला दाखवून घाबरवण्यासारखे त्या गृहस्थांकडे काय उरेल? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यास सांगितले आहे. पुणे महानगरपालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत होती. तिच्या धर्तीवर राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालयांसाठी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तशीच व्यवस्था करण्यास सांगितले. ती मनापासून राबवून पाहावी. राज्याच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आधीच घातलेली आहे, आणि तिचा फटका मुख्यतः कमी शिकलेल्या प्रामाणिक अर्जदाराला बसतो असा माझा अनुभव आहे. आणखी आवर घातला तर तोही त्यालाच बसेल.

प्रश्न : 'माझा परवाना अर्ज का नाकारला' असे विचारले, तर 'का' हा प्रश्न माहितीत येत नाही असे उत्तर मिळाले. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : उत्तर देणाऱ्याने आधार घेतला असेल तो मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या २००८ च्या निर्णयाचा. अभिलेखात नसलेली कारणमीमांसा माहिती अधिकाऱ्याने तयार करून द्यावी असे कायदा सांगत नाही, हे त्यातून ठरले आहे. परंतु कलम ४(१)(घ) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला कारणे कळवण्याचे बंधन प्राधिकरणावर आहेच. नव्या अर्जात 'का' टाळून आपल्या फायलीवरील सर्व टिपण्यांच्या, अभिप्रायांच्या आणि अंतिम आदेशाच्या प्रती मागाव्यात. कारण असेल तर ते तेथेच सापडेल.

प्रश्न : माझे द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाकडे दोन वर्षे पडून आहे. मग तीस दिवसांच्या मुदतीला अर्थ काय? (एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक)

उत्तर : आपण कायद्यातील सर्वांत मोठ्या उणिवेवर बोट ठेवले आहे. अर्जाला तीस दिवस, प्रथम अपिलाला तीस आणि फार तर पंचेचाळीस. द्वितीय अपिलाला मात्र कायद्यात मुदतच नाही. महाराष्ट्र आयोगाकडे प्रलंबित असलेली अपिले व तक्रारी एक लाखाहून अधिक असल्याचे सतर्क नागरिक संघटनेच्या २०२३ आणि २०२४ च्या अहवालांतून पुढे आले. आयुक्तांची पदे वेळेवर भरावीत, निवड पारदर्शक असावी आणि फक्त निवृत्त नोकरशहांतूनच आयुक्त निवडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावले होते. सुधारणा करायचीच असेल तर येथे करावी : द्वितीय अपिलाला मुदत घालावी, आणि कलम २० मधील दंड, जो दिवसाला २५० रुपये व कमाल २५ हजार इतका असून केवळ माहिती अधिकाऱ्याला लागू होतो, तो सुनावणीच न घेणाऱ्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यालाही लागू करावा. तोपर्यंत आपण वयाचा दाखला जोडून लवकर सुनावणीची लेखी विनंती आयोगाच्या नाशिक खंडपीठाला करावी. अशा विनंत्या मान्य होतात.

प्रश्न : वाळू उपशाविषयी अर्ज केल्यापासून घरी येऊन लोक दमदाटी करतात. घरचे म्हणतात, सोडून दे. (एक तरुण वाचक, नाव व गाव राखून)

उत्तर : घरच्यांची काळजी वाजवी आहे. तळेगाव दाभाडे येथे १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघालेले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली, हे आपण विसरता कामा नये. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी २०१४ मध्ये केलेला कायदा अजूनही लागू झालेला नाही. त्यामुळे धीर धरा एवढेच सांगणे बेजबाबदारपणाचे होईल.

दमदाटीची तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी करावी आणि पोहोच घ्यावी. अर्जात घराचा पत्ता देण्याची सक्ती नाही. टपालपेटी क्रमांक पुरेसा आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, एकटे राहू नये. माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने न करता व्यक्तीच्या नावाने करावा. पण तोच अर्ज, शब्दही न बदलता, गावातील व शेजारच्या तालुक्यातील दहा-पंधरा जणांनी एकाच दिवशी दिला, तर दमदाटी करणाऱ्याने कोणाच्या घरी जायचे? जिल्ह्यातील एखाद्या संस्थेला किंवा वकिलाला अर्जाच्या प्रती आधीच देऊन ठेवाव्यात. आपले पत्र मी संपादकांकडे वेगळे ठेवले आहे. आपली हरकत नसेल तर आपल्या जिल्ह्यातील ज्या दोन-तीन वाचकांनी अशा कामात साथ देण्याची तयारी कळवली आहे, त्यांच्याशी आपली गाठ संपादकांमार्फत घालून देता येईल. होकार कळवावा, तोवर दुसरा अर्ज एकट्याने देऊ नये.